‘नाव घालणे’ : पहिलटकरणीचे प्रसूतिगृह आणि त्याच्या निवडीची मराठी

घरातल्या लेकीला किंवा सुनेला तिसरा-चौथा महिना लागला, की आल्यागेल्या बायका एक प्रश्न हटकून विचारतात: ‘नाव कुठं घातलंय?’ मराठी ज्याची मातृभाषा नव्हे त्याला, हाती शब्दकोश असूनही, या प्रश्नाचा उलगडा होणे कठीण. ‘नाव’ हा शब्द त्यास ठाऊक असतो. ‘घालणे’ हे तर मराठीतील अत्यंत राबते क्रियापद. परंतु दोहोंच्या संयोगातून ‘प्रसूतीसाठी एखाद्या रुग्णालयात आगाऊ नोंदणी करणे’ हा अर्थ निघतो, तो केवळ रूढीच्या बळावर. नाव घेणे म्हणजे उखाण्यात पतीचे नाव गुंफणे, नाव ठेवणे म्हणजे बारसे करणे, नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे, नाव काढणे म्हणजे कीर्ती मिळविणे. आणि नाव घालणे म्हणजे, विशेषेकरून, शाळेत किंवा प्रसूतिगृहात प्रवेश निश्चित करणे. एरवी घरातच उरकली जाणारी दोन कामे ज्या दोन संस्थांनी घराबाहेर नेली, त्या दोहोंसाठी भाषेने एकच वाक्प्रचार योजावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याहून लक्षणीय आहे ती या प्रश्नाची वाक्यरचना. ‘नाव घातलंय’ हा कर्मणी प्रयोग. त्यातील कर्ता तृतीयेत यावयाचा. परंतु व्यवहारात तो जवळजवळ नेहमीच गाळला जातो. नाव कोणी घातले? सासूबाईंनी, आईने, नवऱ्याने, का जिचे नाव आहे तिने स्वतः? प्रश्न विचारणारीस त्याची जिज्ञासा नसते आणि उत्तर देणारीस ते सांगण्याची गरज भासत नाही. ‘इथंच, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे’ एवढे उत्तर पुरते. पहिल्या अपत्याच्या वेळी हा निर्णय कुटुंबातील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयांपैकी एक असतो, आणि तो ज्या वाक्याने सांगितला जातो त्या वाक्यात निर्णय करणारे माणूसच नसते.

प्रसूतीविषयीची क्रियापदे या दृष्टीने तपासली असता चित्र अधिक स्पष्ट होते. स्त्री ‘बाळंत होते’; येथे कर्ती ती स्वतः, पण क्रियापद अकर्मक आहे, तिच्या बाबतीत काही घडते एवढेच ते सांगते. ‘बाळंतपण करणे’ याची कर्ती मात्र दुसरीच असते. ‘आईने लेकीची दोन बाळंतपणे केली’ या वाक्याचा अर्थ आईने प्रसूती घडविली असा कोणताही मराठी भाषक घेणार नाही. डिंकाच्या लाडवांपासून शेकशेगडीपर्यंत आणि खर्चापासून रात्रीच्या जागरणापर्यंत सारे तिने निभावले, असा तो घेतो. इंग्रजीतून ‘डिलिव्हरी’ हा शब्द आला तेव्हा त्याने नवा कर्ता आणला. ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’ असे आज सर्रास म्हटले जाते. बाळंतपण केले आईने, डिलिव्हरी केली डॉक्टरांनी. आणि ती मात्र ‘झाली’, ‘सुटली’, ‘मोकळी झाली’. या साऱ्यात अपवाद म्हणून एकच जुना शब्द उभा आहे, तो म्हणजे पहिलटकरीण. शेतकरी, वारकरी, गावकरी यांत जो ‘करी’ प्रत्यय दिसतो त्याचेच हे स्त्रीलिंगी रूप. पहिल्यानेच हे काम अंगावर घेतलेली, असा कर्तृत्वाचा अर्थ त्यात आहे. निवडीच्या प्रश्नाचा विचार या पहिलटकरणीस कर्ती मानून केला, तर तो काही निराळ्या वाटेने जातो.

पहिले बाळंतपण माहेरी, ही महाराष्ट्रातील बहुसंख्य समाजांतील रूढी. ‘माहेर’ हा शब्द ‘मातृगृह’ यापासून आला, हे सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटात ‘गृह’ आहे त्या माहेराहून लेक आता ‘प्रसूतिगृहा’त जाते, दोन्ही शब्दांत घरच आहे, एकात ते झिजून ओळखू येईनासे झाले आहे, तर दुसऱ्यात ते संस्कृतातून उसने आणून नव्याने बसविले आहे. प्रसूतीची जागा आधी ठरवून सज्ज ठेवावी हा विचार मात्र नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधून घेण्यास सांगितले आहे, त्याचे दार पूर्वेस वा उत्तरेस असावे असे म्हटले आहे, आणि अनेक वेळा प्रसूत झालेल्या, स्नेहशील स्त्रिया तेथे जवळ असाव्यात अशीही सूचना आहे. या सूचनेचा प्रतिध्वनी पुढे फार उशिरा ऐकू आला. २०१६ साली केंद्र शासनाने सार्वजनिक रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली, तेव्हा तीही शक्यतो स्वतः प्रसूतीच्या अनुभवातून गेलेली असावी, असेच धोरण ठेवले.

मधल्या काळात बाळंतिणीची खोली म्हणजे घरातील सर्वांत अंधारी खोली झाली, याचे कारण विटाळाच्या कल्पनेत आहे. येथे एक शब्दाचा प्रवास नमूद करण्यासारखा आहे. ‘सू’ म्हणजे प्रसवणे या धातूपासून सूतिका, प्रसूती, सूतक हे शब्द आले. सुईण हा शब्दही त्याच घराण्यातला. संस्कृतात ‘सूतक’ हे मुळात जन्मामुळे येणाऱ्या अशौचाचे नाव. मराठीत ते मृत्यूकडे गेले आणि जन्माच्या अशौचासाठी ‘सोयर’, ‘सुवेर’ हे शब्द उरले. जन्म आणि मरण या दोन घटना एकाच शब्दाच्या वाट्याला याव्यात, यात जुन्या काळच्या अनुभवाचाही काही भाग असेल. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल १८७८ साली अवघे दहा दिवस जगले. त्या वेळी त्यांचे वय तेरा-चौदा वर्षांचे होते. वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फिलाडेल्फियास १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रियांसाठी, आणि स्त्री डॉक्टरांनी चालविलेले, हे त्याचे वैशिष्ट्य. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चे. पुण्यास सेवासदनाने परिचारिका व सुइणी यांच्या शिक्षणाची सोय केली, ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत. तरीही दीर्घकाळ रुग्णालयात जाणे हे ‘अडलेल्या’ बाईचेच काम समजले जाई. घरी निभावले नाही म्हणजे इस्पितळ, हा क्रम होता. त्यामुळे इस्पितळाचा मृत्यूशी संबंध जुळला आणि तो जुळल्यामुळे लोक आणखी उशिरा जाऊ लागले. हे दुष्टचक्र मोडले ते अगदी अलीकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. म्हणजे घर की रुग्णालय हा प्रश्न बव्हंशी मिटला आहे. कोणते रुग्णालय, हा प्रश्न उरला आहे. आणि त्याला लागणारी भाषा मात्र अजून पहिल्याच प्रश्नाच्या काळातील आहे.

या भाषेतील कळीचा शब्द ‘हातगुण’. ‘त्यांचा हातगुण चांगला आहे’ असे एकेकाळी सुइणीविषयी म्हणत, आज डॉक्टरांविषयी म्हणतात. शब्दाची योग्यता नाकारण्याचे कारण नाही: अनुभव, धीर, बाईशी बोलण्याची रीत, या सर्वांचा तो एक बोलका संक्षेप आहे. परंतु हातगुण हा एका व्यक्तीचा असतो, आणि प्रसूतीत जे बिघडते ते सावरण्यास एक व्यक्ती पुरत नाही. प्रसूतीनंतर रक्तस्राव अनावर झाला तर रक्त लागते; तातडीने शस्त्रक्रिया करावयाची तर भूलतज्ज्ञ लागतो; बाळ जन्मतःच रडले नाही तर पहिल्या मिनिटातच त्याचा श्वास चालू करून देणारे शिकलेले हात लागतात. ही तीन माणसे वा साधने रात्री दोन वाजता, दिवाळीच्या पाडव्याला, पाऊस कोसळत असताना किती मिनिटांत हजर होतील, याचे उत्तर हातगुण या शब्दात नाही. म्हणून ‘कसे आहे हो ते हॉस्पिटल?’ या प्रश्नाऐवजी ‘रात्री सिझर करायची वेळ आली तर भूल द्यायला कोण येतं, आणि कुठून?’ हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी. प्रसूतिगृहातच रक्त असण्याची अपेक्षा नसते. जवळच्या रक्तपेढीचे नाव, अंतर आणि तेथून रक्त आणण्याची रीत तेथील लोकांना तोंडपाठ असावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. भिंतींचा रंग, वातानुकूलित खोली, बाळाच्या छायाचित्राची सोय, यांना कोणी महत्त्व देऊ नये असे नव्हे. पण ‘सोय’ या एकाच शब्दात रक्तपेढी आणि वातानुकूलन यांची सरमिसळ होते, हे ध्यानात असलेले बरे.

शासकीय व्यवस्थेत हाच भेद निरनिराळ्या नावांनी केलेला आहे, आणि ती नावे नीट वाचता आली तर निवड सोपी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सरळ प्रसूती होते, शस्त्रक्रिया सामान्यतः होत नाही. ज्यास ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणतात तेथे दिवसरात्र शस्त्रक्रिया, रक्तसाठा आणि नवजात बालकाची काळजी या तिन्ही गोष्टी असणे अपेक्षित असते. अनेक उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालये या वर्गात येतात. ‘संदर्भ’ हा शब्द ग्रंथाच्या तळटीपेतून येथे आल्यासारखा वाटतो आणि सामान्य बाईला तो काहीच सांगत नाही; ‘पुढं पाठवलं’ हे तिचे शब्द अधिक अचूक आहेत. जोखीम नसलेल्या पहिलटकरणीनेही जवळच्या केंद्रात नाव घालताना ‘इथून पुढं पाठवायची वेळ आली तर कुठं, कशानं, किती वेळात?’ हे विचारून ठेवावे. कारण पहिल्या खेपेस काय होईल याचा अंदाज बांधण्यास मागचा अनुभव नसतो, आणि सर्व तपासण्या निर्वेध असलेल्या बाईलाही ऐनवेळी अडचण येऊ शकते. सेरीन थॅड्यूस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंची मीमांसा करताना तीन विलंबांचा सिद्धान्त मांडला: जाण्याचे ठरविण्यात होणारा, पोहोचण्यात होणारा आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात होणारा. पहिल्या विलंबाचे मूळ पुष्कळदा त्या गाळलेल्या कर्त्यातच सापडते. ‘हे आल्यावर जाऊ’ या वाक्याने किती घटका गेल्या असतील, याची गणती कोणत्याच सर्वेक्षणात नाही.

‘नॉर्मल’ या शब्दाने तर मराठीत स्वतंत्र संसार थाटला आहे. इंग्रजीतील विशेषण मराठीत नाम झाले: ‘तिची नॉर्मल झाली’. आणि त्याच्या विरुद्धार्थी ‘सिझर’. मूळ ‘सिझेरियन’ या विशेषणाचे शेपूट तुटून मराठीने नकळत रोमच्या सीझरचेच नाव परत मिळविले आहे. सीझर असा जन्मला, ही कथा इतिहासास धरून नाही. त्याची आई ऑरेलिया त्यानंतर दीर्घकाळ जिवंत होती, आणि त्या काळी आईचे पोट चिरले जाई ते बहुधा ती गेल्यावरच. असो. मुद्दा असा की नॉर्मल आणि सिझर या जोडीत एक निवाडा दडलेला आहे. नॉर्मल झाली ती जिंकली, सिझर झाले ती कमी पडली, अथवा फसविली गेली. हा संशय निराधार आहे असेही म्हणता येत नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झालेल्या आढळल्या. देशभराचा विचार करता सार्वजनिक रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या पलीकडे गेल्याने माता व बालकांचे मृत्यू घटताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नमूद केले.

तथापि केवळ टक्केवारीवरून रुग्णालय निवडणे म्हणजे गुणपत्रिकेतील बेरीज पाहून शाळा निवडण्यासारखे आहे. ज्या मोठ्या रुग्णालयाकडे साऱ्या जिल्ह्यातील अडलेल्या बायका पाठविल्या जातात, तेथे शस्त्रक्रिया अधिक होणारच. मायकेल रॉबसन या आयरिश प्रसूतितज्ज्ञाने २००१ साली यावर तोड काढली. त्याने प्रसूत होणाऱ्या सर्व स्त्रियांचे दहा गट पाडले, आणि तुलना करावयाची ती गटागटांची. त्यातील पहिला गट आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उपयोगी: पूर्वी प्रसूत न झालेली, एकच बाळ असलेली, बाळाचे डोके खाली असलेली, ३७ आठवडे पूर्ण झालेली, आणि जिला कळा आपोआप सुरू झाल्या आहेत अशी स्त्री. म्हणजे आपली निर्वेध पहिलटकरीणच. तेव्हा ‘तुमच्याकडं सिझर किती होतात?’ यापेक्षा ‘आपोआप कळा सुरू होऊन आलेल्या पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझर होतं?’ हा प्रश्न सार्थ आहे. आकडा तोंडी न येवो. प्रश्नाचे स्वागत कसे होते यावरूनही बरेच कळते. हा पहिला गट महत्त्वाचा असण्याचे आणखी एक कारण आहे. पहिल्या खेपेस झालेली शस्त्रक्रिया पुढील प्रत्येक खेपेचा विचार बदलून टाकते. याउलट, खरोखर गरज असताना केलेल्या शस्त्रक्रियेस कमीपणा आणणारा ‘नॉर्मल’चा हट्ट हा देखील घातकच, ‘अजून थोडी वाट बघा’ असे नातेवाइकांनी सांगितल्याने गेलेला तास परत येत नाही.

पहिलटकरीण या शब्दाचीही एक मर्यादा येथेच सांगावयास हवी. तो पहिली गर्भधारणा आणि पहिली प्रसूती यांत भेद करीत नाही. वैद्यकास हा भेद आवश्यक असतो. पूर्वी एकदा दिवस जाऊन ते राहिले नसतील, तर घरात ती गोष्ट बोलली जात नाही, आणि नोंदणीच्या टेबलाशी ‘कितवी खेप?’ या प्रश्नाला सोबतच्या वडीलधाऱ्या बाई ‘पहिलीच’ असे सांगून मोकळ्या होतात. बाईचा रक्तगट ‘आरएच निगेटिव्ह’ असेल तर या एका शब्दाने मोठा घोटाळा होऊ शकतो. आधीच्या पोट पडण्याच्या वेळी प्रतिबंधक इंजेक्शन मिळाले नसेल, तर तिच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये तयार झालेली असू शकतात की जी पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशींवर उठतात. म्हणून चांगल्या प्रसूतिगृहाची एक साधी खूण अशी: तेथे पहिल्या भेटीत बाईशी काही वेळ एकटीने बोलले जाते.

बोलण्याचा प्रश्न निघालाच आहे तर ‘अंगावर’ या शब्दाकडे वळावे. ‘अंगावर जाणे’ म्हणजे रक्तस्राव होणे. ‘अंगावरून पांढरे जाणे’ हे निराळे. ‘अंगावर पाजणे’ म्हणजे स्तनपान. आणि दुखणे ‘अंगावर काढणे’ म्हणजे उपचाराविना सोसणे. परप्रांतातून आलेल्या परिचारिकेस किंवा नुकत्याच रुजू झालेल्या शिकाऊ डॉक्टरास ही चार वाक्ये वेगळी ओळखता येतील, असे गृहीत धरता येत नाही. प्रसूतीनंतर ‘अंगावर फार जातंय’ हे वाक्य ज्या कक्षात चटकन समजते तो कक्ष सुरक्षित. कारण अर्धा लिटर रक्त गेले की तो अतिरक्तस्राव, अशी वैद्यकाची सर्वसाधारण व्याख्या आहे, आणि बाळंतिणीचे जाईल तेवढे जाऊ द्यावे, आतली घाण निघून जाते, हा समज घराघरांत आहे. दोन्ही बाजूंनी मोजमापाची भाषा भिन्न. ‘किती वेळात कापड भिजलं?’ असे विचारणारी अनुभवी परिचारिका या दोन भाषांमध्ये पूल बांधीत असते. बाळ झाल्याबरोबर गर्भाशय आवळण्याचे इंजेक्शन देणे आणि वार पूर्ण पडली का हे पाहणे ही सर्वत्र व्हावयाची कामे आहेत. ती होतात का, हे आधीच्या भेटीत विचारण्यास संकोच नसावा.

कळांच्या बाबतीत जुनी मराठी समृद्ध आहे. खोट्या कळा आणि खऱ्या कळा हा भेद आज्यांना पक्का ठाऊक असे. खऱ्या कळा ठराविक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते, जोर वाढत जातो. खोट्या कळा चालल्याने वा निजल्याने ओसरतात. ‘पाणमोट फुटणे’ हा तर सुंदर शब्द होता. त्याच्या जागी ‘पाणी गेलं’ हा मोघम प्रयोग आला आणि त्याबरोबर शंकाही आली, की हे पाणी कोणते? पाणमोट फुटली असेल तर कळा नसल्या तरी रुग्णालयात जावयाचे. कळा खोट्या असतील तर घाई नाही. गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडले म्हणजे प्रसूतीचा सक्रिय टप्पा सुरू झाला, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत मानले आहे, आणि पहिलटकरणीत तो टप्पा साधारणतः बारा तासांच्या पलीकडे जात नाही असेही म्हटले आहे. आपल्याकडे हे माप बोटांत सांगतात: ‘दोन बोटं उघडलंय’. सेंटिमीटर आणि बोटे यांचे हे द्वैत ऐकणाऱ्याला गोंधळात टाकते. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा लोकांचा हिशेब मात्र कौतुकास्पद रीतीने जुळतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस, हा नेगेले याच्या नावाने प्रसिद्ध असलेला वैद्यकीय नियम. फरक दोनच दिवसांचा.

पायाळू मुलाविषयीच्या समजुतींना येथे जागा नाही. पायाळूस जमिनीतील पाणी दिसते की नाही, हा वाद इतरत्र चालू ठेवावा. शेवटच्या महिन्यात बाळ पायाळू असल्याचे कळले, तर जेथे शस्त्रक्रियेची सोय नाही तेथील नाव काढून ते दुसरीकडे घालावे, एवढेच महत्त्वाचे.

माहेरच्या रूढीमुळे उद्भवणारी खरी अडचण निराळी आहे. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते, त्यानंतर लेक माहेरी जाते. म्हणजे सहा-सात महिने सासरच्या गावातील डॉक्टरांनी तपासलेली बाई शेवटच्या दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांपुढे जाते. नावे दोन ठिकाणी घातलेली असतात. रक्तगट, रक्तदाबाच्या नोंदी, साखरेची तपासणी, सोनोग्राफीवरून ठरविलेली तारीख, धनुर्वाताची इंजेक्शने, हे सारे ज्या कागदांवर असते ते कागद एका घरात आणि बाई दुसऱ्या घरात, असे वारंवार घडते. पहिल्या खेपेस रक्तदाब वाढून होणारा विकार विशेष आढळतो, आणि आताचा रक्तदाब वाढलेला आहे का हे ठरविण्यास आधीचा किती होता ते ठाऊक असावे लागते. माहेरच्या प्रसूतिगृहात एकदा पाचव्या-सहाव्या महिन्यातच जाऊन यावे, तारीख व कागद दाखवावेत, आणि मूळ कागद बाईच्याच पिशवीत राहावेत. शहरातील माहेर सोडून खेड्यातील सासरीच राहणे किंवा त्याउलट करणे, हा निर्णय मायेच्या ओढीबरोबरच वर सांगितलेल्या अंतरांच्या हिशेबाने करावा लागतो; आणि तो पहिलटकरणीस विचारून करावा लागतो, हे सांगण्याची वेळ यावी हेच खेदाचे.

खर्चाची भाषा सर्वांत अस्पष्ट. ‘पॅकेज’ या शब्दाचा मराठीत ‘ठरलेली एकूण रक्कम’ असा समज आहे. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधे आणि बाळास काचेच्या पेटीत ठेवण्याचा खर्च त्यात आहे की नाही, हे लेखी विचारल्याशिवाय कळत नाही. शासकीय रुग्णालयांत २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, सरळ प्रसूतीनंतर तीन व शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत आहार, आणि घरून रुग्णालयात व परत नेण्याची गाडी हे सर्व विनामूल्य ठरविलेले आहे. ‘१०२’ या क्रमांकावर ती गाडी मिळते. खाजगी रुग्णालये ज्या कायद्याखाली नोंदली जातात तो १९४९ चा. त्याच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे आवश्यक करण्यात आले. नाव घालावयास जाताना भिंतीवर ते शोधावे. या कायद्याच्या मराठी नावात ‘शुश्रूषागृह’ असा शब्द आहे. शुश्रूषा हे ‘श्रु’ धातूचे इच्छादर्शक रूप, मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. नर्सिंग होमला पर्याय शोधणाऱ्याने हा मूळ अर्थ मनात आणला होता की नव्हता ते सांगता येणार नाही. पण पहिल्याच भेटीत, प्रश्न विचारणाऱ्या बाईचे म्हणणे तेथे पुरते ऐकून घेतले जाते का, या कसोटीला याहून योग्य शब्द मिळणे कठीण.

प्रसूतीनंतर जन्माची नोंद होते ती बाळ जेथे जन्मले त्या ठिकाणी. रुग्णालयात जन्म झाला असेल तर एकवीस दिवसांच्या आत कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखावर असते. म्हणून सासरच्या आडनावाने वाढणाऱ्या मराठी माणसांपैकी कित्येकांच्या कागदोपत्री जन्मगाव मात्र आईच्या माहेरचे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच जन्मदाखला पुरावा म्हणून लागतो, तेव्हा घरी परतण्यापूर्वी आईवडिलांच्या नावांची अक्षरे तपासून घ्यावीत. बाळाचे नाव त्या वेळी ठरलेले नसते, बारसे बाराव्या दिवशी; ती जागा कोरी ठेवता येते, आणि पुढे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येते. पानावर तोवर नाव असते ते आईचे, सहा-सात महिन्यांपूर्वी कोणीतरी घातलेले.